दिल्ली, पुणे की नागपूर: जुनी इनोव्हा न बघता घ्यायची तर

माझा मावसभाऊ नागपुरात मानेवाड्याला राहतो. घरात आईवडील, दोन मुलं आणि ते दोघं. सुट्टी लागली की शेगाव, दिवाळीला चंद्रपूरची सासुरवाडी. त्याला डिझेल इनोव्हा हवी आहे, क्रिस्टा, म्हणजे इनोव्हाची पुढची पिढी, यायच्या आधीची. गेल्या महिन्यात त्याने मला तीन गाड्यांचे फोटो पाठवले. एक दिल्लीची, एक पुण्याची, एक इथलीच. तिन्ही २०१५ च्या. दिल्लीची गाडी पुण्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त, नागपूरची दोघींच्या मधली. "दादा, दिल्लीची घेऊन टाकू का? विकणारा म्हणतो यायची गरज नाही, ट्रकवर चढवून पाठवतो."

फोनवर त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे. नागपुरात बसून दिल्ली-पुण्याच्या जाहिराती चाळणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जण आधी किंमत बघतो. मी म्हणतो, किंमत शेवटी बघा. आधी दोन गोष्टी बघा: कागद कुठल्या राज्याचे आहेत, आणि त्या गावात तुमच्यासाठी गाडीखाली वाकून बघणारं भरवशाचं माणूस आहे का.

दिल्लीपासून सुरू करू, कारण मोह तिथलाच मोठा असतो. तिथली डिझेल गाडी स्वस्त असते याचा अर्थ ती खराबच असते असा नाही. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि त्यापाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१८ चा आदेश, यांमुळे दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन रस्त्यावर आणण्यावर बंदी आली. गुरुग्राम, नोएडा, फरिदाबादही त्यातच येतात. २०२५ मध्ये या बंदीवर पुन्हा बरंच वरखाली झालं, म्हणून आजची स्थिती विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, दिल्ली परिवहन विभागाकडून खात्री करून घ्या. एकूण काय, तिथल्या मालकाला गाडी काढायची घाई असते, आणि भाव पडतो तो त्या घाईमुळे.

पण ती स्वस्ताई नागपूरला येईपर्यंत बरीच झिजते. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २८. त्या एनओसीवर गाडी कुठल्या कार्यालयाकडे जाणार हे लिहिलेलं असतं, आणि नागपुरात कार्यालयं तीन आहेत: शहराचं एमएच ३१, पूर्व नागपूरचं एमएच ४९ आणि ग्रामीणचं एमएच ४०. तुमच्या पत्त्याला कोणतं लागतं हे आधी विचारून घ्या. चुकीचं नाव पडलं तर तो कागद दुरुस्तीला परत दिल्लीला जातो आणि गाडी दारात उभी राहते. गाडी चोरीची नोंद असलेली नाही ना, हेही बघावं लागतं.

नंतर येतो कर. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवर एकरकमी कर १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांना १४ टक्के असा आहे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो उतरतो, पण हिशोब गाडीच्या मूळ किमतीवरून सुरू होतो, तुम्ही दिलेल्या किमतीवरून नाही. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा अर्ज करून परत मागता येतो, पण दहा वर्षं झालेल्या गाडीत उरलेलाच थोडा असतो. त्यात २०१५ च्या गाडीची नोंदणी २०३० मध्ये संपते. पुढे पाच वर्षांचं नूतनीकरण, ज्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि वर पर्यावरण कर. म्हणजे आज भरलेला कर चार-पाच वर्षं वापरायचा. दीड लाखाच्या फरकातून कर, वाहतूक, एजंट आणि एखादी दिल्लीवारी वजा करून बघा. मी भावाला आरटीओतून कराचा नेमका आकडा काढून आणायला लावला. आणल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

पुण्याच्या गाडीत ही कटकट नाही. राज्य तेच, त्यामुळे एमएच १२ किंवा १४ चा नंबर तसाच राहतो आणि कर दुसऱ्यांदा भरावा लागत नाही. मालकी बदलायची, फॉर्म २९ आणि ३०. कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. बस्स. म्हणूनच पुण्याची गाडी जाहिरातीत महाग दिसते आणि हातात येईपर्यंत दिल्लीच्या बरोबरीची होते.

पुण्याचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्यात माझी एक मोठी चूक होती. २०२३ च्या मे महिन्यात मी तिथून एक डिझेल स्विफ्ट न बघता घेतली. सर्व्हिसच्या नोंदी मागवल्या, मीटर त्यांच्याशी जुळत होतं, व्हिडिओवर इंजिन ऐकलं. टायरचे फोटो बघितले, नक्षी छान खोल होती. पुण्याहून निघून संभाजीनगरला डिझेल भरायला थांबलो. उन्हात टायरच्या बाजूवर बारीक बारीक भेगा दिसल्या, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. खाली बसून टायरवर कोरलेला कोड वाचला तर शेवटचे चार आकडे होते १९१४. म्हणजे २०१४ चा एकोणिसावा आठवडा. गाडी कमी चाललेली, म्हणून नक्षी शिल्लक होती, पण रबर नऊ वर्षांचं झालं होतं. पुढे समृद्धी महामार्ग होता: १२० ची मर्यादा, तापलेलं सिमेंट काँक्रीट आणि टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या. मागे बायको आणि मुलगी. तिथेच चारही टायर बदलले आणि मगच महामार्गावर चढलो. विकणारा खोटं बोलला नव्हता. मी टायरची तारीख विचारलीच नव्हती. आता कुणी गाडीचे फोटो दाखवले की मी पहिल्यांदा ते चार आकडे मागतो, पाचही टायरचे.

नागपूरच्या गाडीचा फायदा उघड आहे: आपण स्वतः बघतो, आपला मेकॅनिक बघतो. दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. जी इनोव्हा इथले दहा उन्हाळे पंचेचाळीस अंशांत काढून बसली आहे, तिच्या रेडिएटरची आणि एसीची परीक्षा झालेली असते. पुण्याच्या हवेत राहिलेल्या गाडीची ती परीक्षा तुमच्या पहिल्या मे महिन्यात होईल.

पण घरचीच गाडी म्हणून डोळे मिटू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असणार, हे धरूनच चाला. भावासाठी मी पश्चिम नागपुरात दुसरी एक गाडी बघायला गेलो होतो. आतून अगदी लख्ख, सीटला नवी कव्हरं, सुगंध मारलेला. मी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी आत गुंडाळलेल्या टोकाकडे वाळलेल्या मातीची सरळ तपकिरी रेघ होती. नखाने खरवडली तर भुकटी हातात आली. आम्ही नमस्कार करून निघालो. दुरून गाडी घेताना हीच एक गोष्ट व्हिडिओ कॉलवर करायला सांगा: सगळे बेल्ट पूर्ण बाहेर ओढून दाखवा. ज्याला ते दाखवायचं नसेल त्याची गाडी आपल्याला नको.

आमचा मेकॅनिक, ज्याच्याकडे वीस वर्षांपासून गाड्या देतो, तो म्हणतो, "भाऊ, थंडं इंजिनच पाहाचं. गरम करून ठेवलेली गाडी काही सांगत नाही." इनोव्हासारख्या कॉमन रेल डिझेलला ते फार खरं आहे. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, थकले असतील तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला सेल जास्त वेळ मारावा लागतो, इंजिन खडखडतं, धूर दिसतो. तेच इंजिन गरम झाल्यावर गोड चालतं. आणि इंजेक्टर हे मोठ्या खर्चाचं काम आहे. म्हणून व्हिडिओ कॉल सकाळी सातचा ठेवा, आणि आधी बॉनेटवर हात ठेवून गार आहे हे दाखवायला सांगा. फोनवरून तापमान कळत नाही हे मान्य, पण विकणाऱ्याचा चेहरा कळतो. त्याहून चांगलं म्हणजे त्या गावातल्या एखाद्या मेकॅनिकला तपासणीचे पैसे देऊन पाठवा. तो विकणाऱ्याने सुचवलेला मात्र नको.

पैशांचं थोडक्यात सांगतो. लष्करात आहे, बदली झाली, गाडी छावणीत उभी आहे, टोकन पाठवा, असं सांगणारी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्ज, विमा, फिटनेस हे बघा, आणि ई-चलन वेगळं बघा. पूर्ण पैसे फॉर्मांवर सह्या आणि मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय देऊ नका. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, तेव्हा हप्ता वाढेल हे आधीच धरा.

माझं मत विचाराल तर भावाच्या तीन गाड्यांमध्ये दिल्लीची शेवटी. ती फक्त त्यानेच घ्यावी ज्याचा सख्खा माणूस दिल्लीत आहे, ज्याला चार-पाच महिने कागदांमागे लागायची तयारी आहे आणि जो कर भरूनही फायद्यात राहतोय. पेट्रोल हॅचबॅक हवी असेल तर दिल्लीचा विचारच करू नका, तेवढ्यासाठी फरक उरत नाही. पुण्याची दुसरी, कारण माझा एक वर्गमित्र पिंपरीत आहे आणि त्याने जाऊन बघायचं कबूल केलं आहे. कुणीच नसतं तर मी तीही सोडायला सांगितली असती. पहिली नागपूरची, थोडे पैसे जास्त गेले तरी.

ती गाडी आम्ही रविवारी बघणार आहोत. मालकांना सांगून ठेवलंय की आदल्या रात्रीपासून सुरू करू नका. सकाळी सातला मेकॅनिकला घेऊन येतो.