फायफॉक्स अ‍ॅप: घरात तंबोरा असेल तर घ्याच
फायफॉक्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्यांनी बनवलंय. आत भरपूर प्रयोग आहेत पण मी फक्त ऑडिओ स्पेक्ट्रमबद्दल लिहितेय. फोन माइकमधून आवाज घेतो आणि त्यात कुठकुठल्या साध्या साइन लाटा मिसळल्यात ते आलेखात सुळके काढून दाखवतो. हे फ्रेंच गणितज्ञ फुरियेने १८०७ मध्ये उष्णतेच्या अभ्यासासाठी मांडलेलं गणित, १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकीने ते झटपट करायची रीत छापली, म्हणून तर खिशातल्या फोनवर वाजवता वाजवता होतं.

आमचा तंबोरा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या स्वराला) लावलेला, म्हणजे खर्ज, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झ (सेकंदाला ६९ कंपनं). नुसता खर्ज छेडायचा, की ६९च्या पटीत सुळकेच सुळके, १३९, २०८, २७७ आणि पाचवा ३४७च्या आसपास. तोच गंधार, म्हणजे ग! चारही तारांत कुठेच लावलेला नाही तरी सुरात मिळालेल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो तो स्वयंभू गंधार, चक्क समोर दिसतो. मग जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवतात तो, त्यानेच तंबोऱ्याला झणकार येतो) काढून परत छेडा, वरचे सुळके पटकन बसतात, दोरा जागेवर सरकवला की परत उठतात. तासन् तास बघत बसावं असं आहे हे.

सेटिंगमध्ये सॅम्पल (एका आलेखासाठी आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा) मात्र वाढवून घ्या. सेकंदाला ४८००० सॅम्पल घेणाऱ्या फोनवर २०४८ ठेवले तर २३ हर्ट्झपेक्षा जवळचं काही वेगळं ओळखू येत नाही, खर्जाचे सुळके जाडे आणि ढोबळ दिसतात, १६३८४ केले की ३ हर्ट्झपर्यंत नीट दिसतं, पण मग एका आलेखात सेकंदाचा तिसरा हिस्सा येतो आणि तान घेतली तर सगळे स्वर एकत्र कालवले जातात. हे गणितच तसं आहे, एक हवं तर दुसरं सोडावं लागतं.

आणि सगळ्यात उंच सुळक्याचा आकडा म्हणजेच आपला स्वर असं धरू नका, तंबोऱ्यात वरचा एखादा सुळका मूळ स्वरापेक्षा उंच असतो बरेचदा. स्वर मिळवायला त्याच अ‍ॅपमधलं ऑडिओ ऑटोकोरिलेशन वापरा, ते लाट किती वेळाने पुन्हा तशीच येते ते बघून मूळ स्वर काढतं. आकडे एक्सेलमध्ये काढता येतात, गाण्याच्या क्लासमध्ये मुलांना पटींचा हिशोब त्यावरच करायला द्या, मस्त रमतात.