१८१ आणि सखी केंद्र : गोव्यात कामाला आलेल्या बाईला कितपत उपयोगी?

पहिल्या रात्रीसाठी चांगली, सहाव्या दिवसासाठी अपुरी. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तिच्या पाठीशी असलेलं सखी वन स्टॉप सेंटर यांच्याबद्दलचं मत एवढंच. झुआरीनगर, चिंबल, मोतीडोंगरच्या खोल्यांत राहणारी विजापूर-बागलकोटची बाई असो, बांधकामावरची झारखंडची असो की सिंधुदुर्गातून आलेली, नवऱ्याने मारहाण केली तर तिच्यासाठी फोन बहुधा दुसरंच कोणीतरी लावतं. कधी ती जिथे धुणीभांडी करते ते घर, कधी घरमालक, कधी मुलांच्या शाळेतली शिक्षिका. हे परीक्षण अशा लोकांसाठी आहे.

फोन चोवीस तास चालतो आणि तो पीडितेनेच करायला हवा असं नाही. मारहाण चालूच असेल तर मात्र आधी ११२. घोळ होतो तो पत्त्यावर. मजुरांच्या खोल्यांना घरक्रमांक नसतो, आणि 'झोपडपट्टीच्या मागे' एवढ्यावर गाडी तासभर फिरत राहते. तालुका, बसथांबा, कोणत्या कंत्राटदाराच्या खोल्या आणि रस्त्यावरून दिसणारी एक खूण, मग ते दुकान असो की खुरीस (रस्त्याकडेचा क्रूस), हे तयार ठेवा. नवरा आत्ता घरात आहे का, मुलं किती, तिला कोणती भाषा येते, हेही लगेच सांगा. उलट फोनसाठी तिचा नंबर देऊ नका. सिमकार्ड बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर असतं आणि मोबाइल त्याच्याच खिशात.

सेवेची सगळ्यात कच्ची बाजू भाषा. मोडक्यातोडक्या हिंदीवर चौकशी निभावते, जबाब निभावत नाही. कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या बाईसाठी दुभाषा म्हणून मुकादम किंवा दीर पुढे आला, की सळईने मारल्याचा मजकूर कागदावर येतच नाही. तिच्या गावचा नसलेला, शक्यतो बाईच असा दुभाषा मागा. जबाब तिला तिच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका.

केंद्रात वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छपराखाली मिळावेत ही कल्पना, आणि ती चांगली आहे. तरी दवाखान्याचं काम दुसऱ्यावर सोडून निर्धास्त होऊ नका. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) असो की मडगावचं जिल्हा रुग्णालय, केसपेपरवर 'पडल्याने इजा' असं लिहिलं गेलं तर पुढे तोच कागद आरोपीच्या वकिलाच्या हातात असतो. कोणी मारलं, कशाने, कधी, हे डॉक्टरांना तोंडी सांगून लिहून घ्यायला लावा. मुका मार पहिल्या दिवशी नीट दिसत नाही; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो काळानिळा होतो, तेव्हा पुन्हा फोटो काढा.

मग येतो घरगुती घटना अहवाल, म्हणजे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा नमुना क्रमांक १. काय घडलं याची नोंद असलेला हा अहवाल संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी, भरतो, आणि गोव्यात बरीच वर्षं हे काम गटविकास अधिकाऱ्यांकडे जोडकाम म्हणून राहिलं. साहेब ग्रामपंचायतीच्या बैठकीला गेलेले असले की बाईचा रोज बुडतो. म्हणून हे लक्षात ठेवा : अहवालाची वाट न पाहता थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करता येतो, आणि तिच्या वतीने दुसरी व्यक्तीही तो करू शकते. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, फोन १५१००. बाईसाठी उत्पन्नाची अट नाही.

'लग्न तिकडे झालं, तक्रार गावी जाऊन करा' हे उत्तर चुकीचं आहे. ती तात्पुरती राहते किंवा काम करते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो (कलम २७), आणि आदेश देशभर लागू होतो. लग्नाची नोंद नसेल तर बाळंतपणाचे कागद, रेशनकार्ड किंवा घरमालकाने पोलीस ठाण्यात दिलेला भाडेकरू पडताळणीचा अर्ज कामाला येतो. दोघं एका खोलीत राहत होते हे त्यातून दिसतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीसच पोचत नाही, कारण नवरा साइट बदलतो. अर्जात खोलीच्या पत्त्यासोबत कंत्राटदाराचं नाव, साइट, गावचा पत्ता आणि मोबाइल नंबर घाला. तातडी असेल तर कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे नवऱ्याची बाजू ऐकायची वाट न पाहता दिलेला तात्पुरता आदेश, मागा.

आता सहावा दिवस. सखी केंद्रातला निवारा योजनेनुसार पाच दिवसांचा. पुढे शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचं स्वाधार गृह. तिथे जागा आहे का हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. पाचव्या संध्याकाळी विचारलं तर बाई परत त्याच खोलीत जाते. बरोबर मुलगा असेल तर वयाची मर्यादाही तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर आई एकीकडे आणि पोरगा दुसरीकडे अशी वेळ येते. पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होत असेल तर त्याच आठवड्यात मालकाला सांगून तिच्या नावाचं खातं चालू करून घ्या. हातात भाड्याचे पैसे नसले तर कोर्टाचा कागद तिला फारसा तारत नाही.

परदेशी बाई किंवा निर्वासित असेल तरी हा कायदा लागू होतो. 'पीडित व्यक्ती'च्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. मात्र भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे पोलीस ठाण्यात मारहाणीआधी व्हिसाचीच चौकशी होण्याची भीती अशा बाईला असते. तिला एकटीला पाठवू नका, वकील सोबत द्या. पासपोर्ट नवऱ्याने दाबून ठेवला असेल तर ते तक्रारीतच लिहा आणि त्याची छायाप्रत मोबाइलवर असली तर ती तिसऱ्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा.