सोमवारी तीन ते पाच : महापालिकेच्या फायली बघण्याची सोय

गुण : पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीडपैकी अर्धा सूचनाफलक कपाटामागे लावला म्हणून.

आमच्या गल्लीतलं नवं गटार पहिल्याच पावसात उखडलं. ठेकेदाराला किती मीटरचे पैसे दिले, ते बघायचं ठरवलं. माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्द, एकच विषय आणि तीस दिवसांची वाट. शेजारच्या वकीलबाईंनी सांगितलं, "काका, आधी सोमवारी जाऊन या." महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघता येतात, सरकारने २०१८ मध्ये तसं परिपत्रक काढलं, पुण्यात तर हे त्याच्याही आधी सुरू झालं होतं. मला पत्ताच नव्हता.

पहिला सोमवार फुकट गेला. "गटाराचे सगळे कागद द्या," म्हणालो. लिपिक म्हणाले, "सगळे म्हणजे कुठले?" एसटीच्या लेखा शाखेत तीस वर्षं काढलेल्या माणसाने असं मोघम मागावं! पुढच्या खेपेला चिठ्ठीच नेली : अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, अंतिम देयक. वीस मिनिटांत फाईल समोर.

खरी गंमत मोजमाप पुस्तकात असते. लांबी, रुंदी, खोली, सगळं हाताने लिहिलेलं, खाली अभियंत्याची सही. आदल्या दिवशी नातवाला टेपचं टोक धरायला लावून मी गटार मोजलं होतं, ६२ मीटर. पुस्तकात ७८. दोनदा चष्मा पुसला.

फोटो काढू देईनात, म्हणून पान क्रमांक वहीत उतरवले. मग तेवढ्याच पानांच्या प्रमाणित प्रतींसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला. पान क्रमांक दिल्यावर "माहितीचा बोध होत नाही" हे उत्तर देता येत नाही. दोन रुपये पानाप्रमाणे चार पानांचे आठ रुपये झाले, सत्ताविसाव्या दिवशी प्रती हातात. तीस दिवस उलटले असते तर कायद्याने त्या फुकट द्याव्या लागल्या असत्या, म्हणजे ते आठ रुपये थोडक्यात गेले.

बसायला एकच बाक, पंखा बंद. सव्वाचारला साहेब चहाला जातात, तेव्हा तीनच्या ठोक्याला पोचा.

प्रती जोडून तक्रार दिली. परवा कनिष्ठ अभियंता गल्लीत टेप घेऊन आले. दुसरं टोक नातवानेच धरलं.