चारशे रुपयांची पेठांची सफर: वाडे दाखवले, हौद राहिला

मुलीने वाढदिवसाला पुण्यातल्या पेठांच्या पायी सफरीचं तिकीट काढून दिलं म्हणून गेलो. नाहीतर ज्या पेठांत एकतीस वर्षं पाणी सोडलं, तिथे हिंडायला ४०० रुपये मोजणाऱ्यातला मी नाही. महापालिकेत चावीवाला होतो. पहाटे साडेचारला लोखंडी चावी सायकलला बांधायची, चेंबरचं झाकण उचकटायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा. कुठल्या गल्लीला उतार आहे आणि कुठे पाणी रडत चढतं, हे मला अजून झोपेत विचारा.

रविवारी सकाळी सातला शनिवारवाड्यासमोर जमायचं होतं. साडेसातला निघालो. आम्ही चौदाजण, बहुतेक आयटीतले. वाट दाखवणारा मुलगा पंचविशीतला, आवाज खणखणीत. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, खर्च १६,११० रुपये, २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग, सगळं तोंडपाठ. दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला का, हे त्याने एकाला खिळ्यांपुढे डोकं वाकवून उभं करून समजावलं. मजा आली. लाल महालापाशी तर मी मनातल्या मनात शाबासकी दिली, कारण ‘आत्ता दिसते ती इमारत १९८० च्या दशकातली आहे, शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती नव्हे’ हे त्याने न विचारता सांगितलं. भिडेवाड्यालाही तो घाई न करता थांबला. १८४८ ची मुलींची शाळा, आणि २०२३ च्या डिसेंबरात पाडलेला वाडा. नसलेल्या वाड्याबद्दल बोलणं सोपं नसतं.

पण मधे एक गोची झाली. कसबा गणपतीहून निघालो, फडके हौद चौक आला, आणि स्वारी थेट पुढे. एका मुलीने पाटी वाचून विचारलं, “हौद कुठाय?” तर म्हणाला, “आता नुसतं स्टॉपचं नाव राहिलंय.”

मला राहवलं नाही. म्हटलं, दोन मिनिटं द्या.

साततोटी, बदामी हौद, काळा हौद ही नुसती चौकांची नावं नाहीत. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. नळ म्हणजे पाइप नव्हे, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा चुन्यात बांधलेला बोगदा. सात-आठ किलोमीटर, कुठे पंप नाही, नुसता उतार. वाटेत गाळ खाली बसायची सोय, आणि पेठांत लोकांना भरायला हौद. वर जागोजागी दगडी मनोरे, त्यांना उच्छ्वास म्हणतात. आत कोंडलेली हवा बाहेर पडायला. सकाळी तुमच्या नळाला पाण्याआधी फुसफुस हवा येते ना, तीच. आम्ही त्यासाठी एअर व्हॉल्व्ह बसवायचो. पेशव्यांच्या गवंड्याने त्याच कामाला मनोरा उभा केला. सातारा रस्त्याच्या बाजूला आतल्या गल्ल्यांत अजून काही उभे आहेत. लोक त्यांना कुणाची तरी समाधी समजून नमस्कार करतात. करू देत, पाणी पाजलंय त्यांनी.

आणि १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, शहराचे नळ कोरडे पडले. मी दीड वर्षाचा. आई सांगायची, मला काखेत मारून ती हौदावर कळशी घेऊन रांगेत उभी राहिली होती. ज्या हौदांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांचं पाणी तेव्हा गाळून, उकळून प्यायलो.

दोन मिनिटांची बारा झाली. आयटीवाले मोबाइल खाली ठेवून ऐकत होते, तो मुलगाही. चिडला नाही, हे त्याचं मोठेपण.

पुढे विश्रामबागवाडा, १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा. लाकडी कोरीव काम अप्रतिम, पण तोवर ऊन डोक्यावर आलं होतं आणि पोटात कावळे. शेवटी ‘नाश्ता समाविष्ट’ म्हणून जे मिळालं तो एक गार वडा होता. जाहिरातीत फोटो मिसळीचा आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा उशिराचा कापला, अर्धा वड्याचा, अर्धा हौदाचा. बाहेरगावहून पाहुणे आले तर जरूर पाठवा, पण गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं, बसायला कुठेही मिळत नाही.

निघताना त्या मुलाने उच्छ्वास नेमके कुठे आहेत ते वहीत लिहून घेतलं, माझ्याकडून नकाशाही काढून घेतला. पुढच्या रविवारी फडके हौदापाशी थांबतो का ते बघायला जाणार आहे. पैसे न भरता, समोरच्या फुटपाथवरून.