इमारतीच्या तळघरातली सामायिक धुलाईखोली, स्टॉकहोम

इथे राहायला येऊन दीड वर्ष झालं. घरात वॉशिंग मशीन नाही, सगळी धुणी तळघरातल्या 'त्वेत्स्तूगा'त. वेगळे पैसे नाहीत, भाड्यातच धरलंय.

भिंतीवर तारखा आणि वेळांचा फळा आहे. आपल्या घराच्या नंबरचं छोटं कुलूप हव्या त्या भोकात बसवून किल्ली फिरवली, की ते तीन तास आपले. कुणी मध्ये येत नाही. रविवार दुपार मात्र सहसा मिळत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते वाळवणीचं कपाट. आत दांड्यांवर कपडे टांगायचे आणि दार लावायचं, गरम हवा खेळत राहते. डिसेंबरात तीनच्या सुमाराला अंधार पडतो, बाहेर काही म्हणता काही वाळत नाही. पण मुलाचे बर्फात चिंब झालेले लोकरी मोजे इथून कोरडे आणि उबदार निघतात, लगेच पायात चढवावेत असे.

निघताना गाळणीतला कापसासारखा पुंजका काढायचा, फरशी पुसायची. एकदा मी विसरले. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी! भाषा सभ्य होती, तरी लागलं मनाला.

दोनपैकी एक मशीन तीन आठवडे बंद आहे. घरमालकांनी ते लवकर दुरुस्त करावं.