लॅक्रॉस खेळायचंय? आधी चेंडू ठरवा

गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस नव्या मैदानावर गेला की आधी विचारतो: टेनिस बॉल की सीझन? लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ. तो हौसेपुरता खेळायचा असेल, तर तिथेही हाच प्रश्न आधी सोडवावा. संघात पाच जण की सहा, हे मागाहून. दहा-दहा जणांचा मोठा खेळ सोडून देऊ. रविवारी सकाळी वीस माणसं जमवणं हा वेगळाच खेळ आहे. छोट्या संघांचे तीन प्रकार उरतात: बॉक्स, सिक्सेस आणि इंटरक्रॉस.

बॉक्स आणि सिक्सेसमधला चेंडू भरीव रबराचा, साधारण 145 ग्रॅम वजनाचा. सीझन बॉलपेक्षा किंचित हलका आणि लहान. पण तो सुटतो जाळी लावलेल्या लांब काठीतून, त्यामुळे नुसत्या हातानं फेकलेल्या चेंडूपेक्षा बराच जोरात येतो. पोटरीवर बसला की फरक कळतो.

बॉक्स हा कॅनडाचा लाडका प्रकार. 1930च्या दशकात उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये तो वाढला. पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. भोवती फळ्यांचं कुंपण असल्यानं चेंडू सहसा बाहेर जात नाही, आपटून परत अंगावर येतो. दोन्ही हातांत आडव्या धरलेल्या काठीनं समोरच्याला रेटणंही नियमात बसतं. बघायला झकास. चाळिशीत पहिल्यांदा काठी धरणाऱ्यानं मात्र बघण्यावरच समाधान मानावं.

सिक्सेसला सध्या भाव आहे. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस याच रूपात असेल, आणि तो निर्णय झाला ऑक्टोबर 2023मध्ये, आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. गोलकीपर धरून सहा जण, 70 बाय 36 मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार डाव. मैदान फुटबॉलच्या जेमतेम एक तृतीयांश, तेव्हा धावपळ कमी असेल असं वाटतं. तसं अजिबात नाही. 30 सेकंदांत गोलावर मारा करावा लागतो, आणि गोल झाला की गोलकीपर लगेच चेंडू खेळात आणतो. दम खायला जागाच नाही, म्हणून बदली खेळाडू धरून संघात बारा जण असतात. पुरुषांच्या खेळात हेल्मेट आणि हातमोजे हवेतच. बदली खेळाडू नसतील तर या वाटेला जाऊ नका.

इंटरक्रॉस म्हणजे लॅक्रॉसचा टेनिस बॉल. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात रुजलेला. चेंडू पोकळ आणि मऊ, काठीचं टोक प्लॅस्टिकचं. ना धक्का मारायचा, ना दुसऱ्याच्या काठीवर काठी हाणायची. काठीत आलेला चेंडू 5 सेकंदांत पुढे द्यावा लागतो, त्यामुळे एकटाच शहाणा चेंडू घेऊन पळत सुटत नाही. बाया-पुरुष, काका-पुतणे एकाच संघात खेळू शकतात. अट्टल खेळाडूंना तो मिळमिळीत वाटतो, आणि अंगाला अंग भिडण्याची मजा त्यात नाही हे खरंच. तरी नव्यांसाठी माझं मत यालाच. माणसं कमी असतील तर चार विरुद्ध चार, गोलकीपरशिवाय, छोटे गोल लावून खेळा. गोलावर मारण्याआधी दोन पास सक्तीचे करा.

शिकण्यात अडतं ते भलत्याच ठिकाणी. फेकणं भिंतीवर सराव करून आठवड्याभरात बरं जमतं. क्रिकेटवाल्याचा घात होतो जमिनीवरच्या चेंडूपाशी: हात आपोआप खाली जातो, आणि लॅक्रॉसमध्ये गोलकीपर सोडून कुणाला चेंडूला हात लावता येत नाही. पोळीखाली उलथनं सरकवतात तशी काठी जवळजवळ आडवी करून चेंडूखाली घालायची, गुडघे वाकवायचे आणि न थांबता पुढे पळायचं. मग मनगटं हलवत काठी हलकेच झुलवत ठेवायची, म्हणजे चेंडू जाळीतून पडत नाही. मऊ चेंडूवर हे चुकलं तर हसं होतं, रबरी चेंडूवर चुकलं तर नडगी सुजते.

पळता पळता, मागे कुणी लागलेलं असताना, दहापैकी सात-आठ वेळा चेंडू असा उचलता आला की सिक्सेसची चौकशी करा. तोवर हेल्मेटवर पैसे घालू नका.