शून्य हवेत, शंभर काचेवर आणि मधे मी

पंपांच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टने जोडलेल्या सांध्याला, गळती थांबवायला लागणारी रबरी गॅस्केट मी शीट आणून स्वतःच पंच करतो. ऑर्डरवर वर्षानुवर्षं एकच ओळ असायची: नायट्राइल रबर (तेलाला टिकणारं), 3 मिमी, 70 शोअर (हा रबराच्या कडकपणाचा, म्हणजे हार्डनेसचा आकडा). त्या ओळीत एक भोक होतं आणि त्यातूनच माझं तेल गळलं.

सप्लायर नवा होता. गोडबोल्या असता तर मी सावध झालो असतो, पण हा मोजकं बोलणारा. बॅगेतून कडकपणा मोजायचा, घड्याळासारखा गोल ड्युरोमीटर काढून म्हणाला, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा." आधी मीटर हवेत धरला, काटा 0 वर. मग टेबलाच्या काचेवर दाबला, 100. "दोन्ही टोकं बरोबर आहेत, म्हणजे मीटर बरोबर." मग शीट लोखंडी प्लेटवर टाकून अंगठ्याने खटकन दाबला. 72. मीही दाबून बघितलं, तेवढंच आलं. शीट हाताला जडही लागली, ते मी मालाच्या दर्जात जमा केलं. चुनखडीची पूड भरलेलं रबरही जडच लागतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दोन महिन्यांत फ्लँज पाझरायला लागले. बोल्ट आवळले की चार दिवस थांबायचं, मग पुन्हा ओघळ. शेवटी एक उघडला. गॅस्केट फुगून कडेने बाहेर आलेलं, नख लावलं तर काळा चुरा हाताला लागत होता. सप्लायरला फोन केला तर त्याचं उत्तर तयार: "तुम्ही बोल्ट जास्त आवळलेत. माल 72 होता, तुम्ही स्वतः मोजलाय." खरंच होतं, मी स्वतःच मोजला होता.

उरलेली शीट घेऊन टेस्टिंग लॅबमधे गेलो. तिथल्या बाईंनी आधी दोन तुकडे एकावर एक ठेवले. शोअर ए (रबरासाठीची शोअर पट्टी) मोजायला किमान 6 मिमी जाडी लागते, कमी असेल तर मीटरची रबरात रुतणारी सुई रबराबरोबर खालचं लोखंडही मोजायला लागते. कडेपासून 12 मिमी आत, 1 किलो वजनाच्या स्टँडवर, टेकल्यावर 3 सेकंद थांबून रीडिंग. रबर हळूहळू दबत जातं, त्यामुळे खटकन दाबून पहिला उसळलेला आकडा वाचला की तो जास्तच दिसतो. पाच ठिकाणी मोजून मधला आकडा धरला: 59. ±5 ची सूट द्यायची म्हटली तरी 65 च्या खाली माल बाद.

मग मी 0 आणि 100 चा किस्सा सांगितला. बाई हसल्या. या मीटरची सुई त्याच्या सपाट तळापासून 2.5 मिमी बाहेर असते. हवेत ती पूर्ण बाहेर राहते म्हणून 0, काचेवर पूर्ण आत जाते म्हणून 100. एवढ्यावरून फक्त सुईची लांबी बरोबर आहे हे कळतं. स्प्रिंगमधे किती जोर उरलाय, हे त्यात कुठेच तपासलं जात नाही. स्प्रिंग ढिली पडली तर सुई रबरात कमी रुतते आणि मऊ रबरही कडक दिसतं. सुईचं टोक 0.79 मिमी व्यासाचं असायला हवं. ते झिजून बोथट झालं तरी तोच परिणाम. बिघाड दोन्हीकडून विकणाऱ्याच्या फायद्याचा! स्प्रिंगचा बिघाड पकडायचा तर मधल्या आकड्याचे, 40, 60, 80 असे, प्रमाणित रबर ब्लॉक लागतात.

मालाबरोबर आलेलं सर्टिफिकेट घरी येऊन पुन्हा वाचलं. "हार्डनेस: 70 शोअर." ए की डी (डी ही कडक मालासाठीची वेगळी पट्टी), पत्ता नाही. मीटरचा नंबर नाही, कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर प्रमाणाशी ताडून बघितल्याची, तारीख नाही, नमुन्याची जाडी नाही. पाचही रीडिंग 70, 70, 70, 70, 70. खऱ्या शीटवर पाच ठिकाणी एकच आकडा मिळणं अवघडच, एखाद-दुसऱ्या डिग्रीने तरी हलतं. हे सगळं माझ्याच फायलीत पडून होतं.

पण मला खरा झटका हार्डनेसने दिलाच नाही. समजा माल बरोब्बर 70 असता, तरी मी बुडालोच असतो. कार्बन ब्लॅक (काजळीची पूड), चुनखडीची पूड, तेल यांचं प्रमाण बदलून जवळपास कुठलंही रबर 70 वर आणता येतं. तो आकडा नायट्राइल आहे की नाही हे सांगतच नाही. म्हणून शीटमधून एक चकती पंच केली आणि पंपातल्याच तेलात बुडवून ठेवली. तीन दिवसांनी पुसून तिच्याच भोकात परत बसवायला गेलो तर ती बसेना. चक्क मोठी झाली होती. नायट्राइल अशा तेलात इतकं फुगत नाही, नैसर्गिक किंवा रिक्लेम (जुन्या मालातून परत काढलेलं) रबर फुगतं. दोन महिने मी ज्या आकड्यावरून वाद घालत होतो, त्याचा मूळ प्रश्नाशी संबंधच नव्हता.

आता ऑर्डरवर ओळ लांब झालीये: 70±5 शोअर ए, 6 मिमी थरावर, 3 सेकंदांनी, मीटरचा नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख सर्टिफिकेटवर. आणि माल उतरवायच्या आधी नमुन्याची चकती तेलात.

तो सप्लायर मधे एकदा पुन्हा आला होता, तोच मीटर घेऊन. मी काही न बोलता 60 चा ब्लॉक पुढे केला. त्याने दाबला, काटा 68 वर. "साहेब, तुमचा ब्लॉक जुना होऊन कडक झालाय," तो म्हणाला. ब्लॉक जुने होतात, हे खरं आहे. मी खणातून ब्लॉकचं त्याच महिन्यातलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काढेपर्यंत त्याची बॅग बंद झाली होती.